नीरजचा सायलेन्सर

आमच्या किराणा दुकानाचं तोंड धुरपताच्या अंगणाकडे आहे. मी गल्ल्यावर बसते आणि समोर तिचं दार. तेव्हा यशोदाबाई लोकांच्या घरात डोकावते, असं वडनेरात कुणी म्हणू नये. दुकान माझ्या सासऱ्यांनी बांधलं, मी नाही. पण जे डोळ्यांसमोर घडतं ते दिसतंच, आणि गेली दोन वर्षं रोज दुपारी जे दिसायचं ते मला पाहवायचं नाही.

हिंगणघाटचा भाजीबाजार करून धुरपताच्या घरची पिकअप दुपारी परत यायची. फाट्यावरून गावाकडे वळली की तिचा आवाज ऐकू यायचा. जाड, भडभडणारा आवाज. माझ्या फळीवरच्या गोळ्यांच्या बरण्या वाजायच्या. तो आवाज आला की धुरपता हातात भाकरीचा तुकडा घेऊन दारात यायची. बाहेरून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मगच त्याने खाली उतरायचं, ही रीत आपल्याकडे आहेच. बाकीचे ती नव्या नवरीपुरती, बाळंतिणीपुरती पाळतात. धुरपता ती बाजाराहून येणाऱ्या गाडीसाठी रोज पाळायची. दारात येताना तिचा चेहरा उजळलेला असायचा. गाडी थांबायची, दार उघडायचं आणि आतून तिची सून मयुरी उतरायची. तिला पाहिलं की धुरपताचा चेहरा पडायचा. तुकडा ती न ओवाळताच कुत्र्यापुढे टाकायची आणि आत जायची.

नीरज, तिचा एकुलता एक मुलगा, दोन वर्षांपूर्वी विहिरीवर मोटरच्या पेटीत करंट लागून गेला. धुरपताला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिने स्वतः त्याच्या तोंडात पाणी घातलं होतं. पण कान आधी ऐकायचे आणि आठवण मागून यायची. तेवढ्या वेळात ती दारापर्यंत पोचलेली असायची.

आणि तो आवाज होताच नीरजचा. पिकअप त्याने जुनी घेतली होती, आणि तिच्यात काही ना काही केल्याशिवाय त्याच्या हाताला चैन नव्हतं. नवीन महागडं सामान घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून जे हाताशी होतं त्यातून करायचा. हिंगणघाटच्या हेमराज वेल्डरकडे बसून त्याने सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकली, पुढे मोठ्या तोंडाचा पाइप वाकवून जोडला. गाडी मोकळा श्वास सोडते आता, म्हणायचा. मग श्वास घ्यायचीही सोय केली. आमच्याकडे कापसाच्या दिवसांत रस्त्याभर धूळ आणि कापसाचे तंतू उडतात. एअर फिल्टर आठ दिवसांत गच्च होतो. ठिबकचं काम झाल्यावर उरलेला पाइप त्याने बॉनेटच्या बाजूने काढून कॅबिनच्या टपापर्यंत उंच नेला आणि वर तोंड वळवलं, म्हणजे इंजिनाला हवा वरची, स्वच्छ मिळावी. त्याला तो गाडीचं नाक म्हणायचा. आम्ही हसलो होतो. पण भरलेली गाडी चढावर खरोखर दम धरू लागली, तेव्हा गावातल्या आणखी दोघांनी आपल्या गाड्यांना नाक लावून घेतलं.

एका उन्हाळ्यात त्या नाकात कुंभारमाशीने मातीचं घर केलं. तेव्हापासून नीरजने आईला काम लावून दिलं. संध्याकाळी नाकाच्या तोंडाला फडकं बांधायचं, पहाटे गाडी सुरू व्हायच्या आधी सोडायचं. धुरपताला ते लगेच समजलं, कारण मडक्याच्या तोंडाला ती जन्मभर फडकं बांधतच आली होती. भाजीचा कॅरेट पालथा घालून त्यावर ती उभी राहायची. फडकं म्हणजे नीरजच्याच जुन्या शर्टाची पाठ. दिवसभर ते दाराजवळच्या खिळ्याला टांगलेलं असायचं. नीरज गेला तरी हे काम तिने एक दिवस चुकवलं नाही.

मयुरीला गाडी नीरजनेच शिकवली होती, शेतातल्या वाटेवर, हसतखेळत. ती कधी पोटासाठी चालवावी लागेल असं दोघांच्या मनातही नसेल. तो गेल्यावर महिनाभरात ती स्टिअरिंगवर बसली. भाजीवाले शेतकरी आम्ही, वांगी-भेंडी कुणाच्या सुतकासाठी थांबत नाहीत. बाई पिकअप चालवते म्हणून चार तोंडं चार बाजूंनी बोलली. त्यातली दोन माझ्या दुकानात बोलली, त्यांचं उधार मी बंद केलं.

आता या हिवाळ्यात तो सायलेन्सर पार सडला. हेमराजने किती ठिगळं लावावीत? एक बुजवलं की दुसरीकडून धूर. खालचा पत्राही गंजला होता, आणि धूर थेट कॅबिनमध्ये यायचा. दर सोमवारी मी दुकानाचा माल आणायला मयुरीच्या शेजारी बसून हिंगणघाटला जाते. तेवढ्या प्रवासात माझं डोकं ठणकायला लागायचं. ती पोर रोज जायची. उतरल्यावर कपाळ धरून बाजाराच्या भिंतीला टेकून उभी राहिलेली मी तिला पाहिली आहे.

रविवारी संध्याकाळी मी साखर द्यायला त्यांच्याकडे गेले, तेव्हा दोघींचं लागलेलंच होतं.

"उद्या हेमराजकडून सायलेन्सर बदलवून आणते, आई," मयुरी पालकाच्या जुड्या बांधत म्हणाली. "जाळीवाला. कंपनीसारखा. महाग नाई तो."

"काऊन? ठिगळ लावून दे म्हणा त्याले."

"ठिगळ लावाले जागा नाई राह्यली. धूर आत येते. उलटी आल्यासारखं होते मले."

"काच खाली करून चालवजो."

"करतेच न मी. थंडी वाजते, धूर तरी येतेच."

धुरपता चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही. "तुले तो आवाजच नको हाय. धुराचं नाव कायले सांगतं?"

मयुरीच्या हातातली सुतळी थांबली.

"माह्या पोराचं काय राह्यलं या घरात?" धुरपता म्हणाली. "कपडे तुनं वाटून टाकले. मोटरसायकल इकली. एक आवाज राह्यला, तो बी काढून टाक. मंग मी कशाच्या भरोशावर दिवस काढू?"

"कपडे तुमीच वाटाले सांगतले होते, आई."

"हाव. सारं मीच सांगतलं."

मी मध्ये पडले. माझा स्वभावच तसा. म्हटलं, "धुरपता, पोरगी धुरानं मरून जाईन का व? जित्या माणसाकडे पाह्य जरा." तर ती मलाच म्हणाली, "तुह्या घरी पोरगा हाय यशोदा, तू नको शिकवू मले." साखर ठेवली आणि निघून आले. जाताना पाहिलं, धुरपता कॅरेटवर चढून नाकाला फडकं बांधत होती. इतका ताण दिला गाठीला की बोटं पांढरी पडली तिची.

सोमवारी पहाटे धुकं दाट होतं. गाडी भरून झाली होती. धुरपता बाहेर आली नाही, दारही उघडलं नाही. मयुरीने एकदा दाराकडे पाहिलं आणि चावी फिरवली. मी चढून बसले. गावात असेपर्यंत काही कळलं नाही. हायवेला लागलो आणि गाडी जड चालू लागली. मयुरीने गिअर उतरवला. मागे काळा धूर निघत होता, आरशात धुकंही काळं दिसत होतं.

"काय झालं व?" मी विचारलं.

"माहीत नाई काकू. ताकदच नाई राह्यली गाडीत."

नाल्याच्या पुलावर चढ आहे थोडा. तिथे गाडीने दोन-तीन आचके दिले आणि बंद पडली. बरोबर पुलावर, जिथे बाजूला घ्यायला जागाच नाही. डावीकडे कठडा, उजवीकडून नागपूरकडे जाणारे ट्रक, आणि धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. मयुरीने मागचे लाल दिवे लावले, मला कठड्याच्या बाजूने बाहेर ओढलं आणि वांग्यांचे कॅरेट उतरवून मागे रस्त्यावर मांडू लागली, की येणाऱ्याला काहीतरी आधी दिसावं. मी ओरडत होते, "सोड ते, इकडे ये!" ती कठड्याकडे सरली आणि त्याच क्षणी धुक्यातून ट्रक आला. हॉर्न, ब्रेकची किंचाळी. कॅरेट फुटले, वांगी चाकाखाली गेली, आमच्या गाडीचा उजवा आरसा उडून नाल्यात पडला. ट्रक थांबला नाही. मयुरी माझ्या अंगाला चिकटून उभी होती.

मग तिने वर पाहिलं. मीही पाहिलं. नाकाच्या तोंडाला फडकं होतं. रात्रभर दवाने भिजलेलं, त्यावर हायवेची धूळ बसलेली, आत ओढलं जाऊन पाइपाला घट्ट चिकटलेलं. गाडीने श्वास घ्यावा तरी कुठून?

इतकी वर्षं पहाटे ते सोडायचं काम धुरपताचं होतं. त्यामुळे वर पाहायची सवय मयुरीला नव्हतीच. धुक्याच्या अंधारात टपाशी काय आहे ते खालून दिसतही नाही. ती चाकावर पाय देऊन चढली. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी सोडली.

माझा राग मस्तकात गेला. "हे तिनं मुद्दाम केलं असन," मी म्हटलं. "गाडी जाऊ नाई म्हून. मी जाऊन विचारतेच तिले!"

"नाई काकू." मयुरी फडकं पिळत होती. "रुसून उठल्या नाई, म्हून राह्यलं. त्यायले हे समजलं तं त्या जगणार नाईत. तुमी काही बोलू नका."

"तू मेली असती आता!"

"हाव." ती म्हणाली, आणि मग रस्त्याच्या कडेला कठड्यापाशी उकिडवी बसून रडली. नीरजच्या तिसऱ्या दिवशीही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"तुमी दुकानातून रोज पाह्यता न काकू," ती म्हणाली. "त्या कशा धावत येते, आन् मले पाहून तोंड कसं पडते. मी रोज घरी जाते तं असं वाटते का नीरज मेला, हे सांगाले जाऊन राह्यली. रोज नव्यानं. दोन वर्षं झाली. धुराचं मी सोसून घेईन. पण हे नाई सोसत मले. एकदा तरी त्यायनं माह्यासाठी दारात यावं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. धुक्यातून कुणीतरी मोटरसायकलवाला आला, थांबला, गावातलाच पियुष होता. काय झालं, काय झालं, विचारू लागला. मयुरीने गाडी सुरू केली, आता ती पहिल्या चावीत सुरू झाली, आणि काही नाही, ठीक आहे, असं सांगून आम्ही निघालो. हे चुकलं. पियुष फुटलेले कॅरेट आणि रस्त्यावर चिरडलेली वांगी पाहत मागे उभा राहिला, आणि तो गावाकडे जात होता.

बाजार आटोपून हेमराजकडे पोचलो. हेमराज नीरजच्या बरोबरीचा. गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि हात पुसत पाइपाकडे पाहत राहिला.

"वैनी, हा पाइप मी आन् त्यानं दिवसभर बसून वाकवला होता," तो म्हणाला. "आईले इचारलं का?"

"सांगतलं हाय."

"आवाज येणारच नाई आता. म्हणजे येईन, पण बाकीच्या गाड्यायसारखा."

"तसाच पायजे."

त्याने जुना काढला. नवा काही फार भारी नव्हता, पण आत जाळी होती, सांधे पक्के होते. खालचा पत्राही बदलला. सुरू करून दाखवली तेव्हा मला खरंच वाटेना की हीच गाडी आहे. कॅबिनमध्ये धुराचा वास नव्हता.

"जुना भंगारात घेऊ का?" हेमराजने विचारलं.

"मागं टाकून द्या गाडीत."

मग त्याचं लक्ष नाकाकडे गेलं. आम्ही पुलावरची गोष्ट त्याला सांगितली नव्हती. तो म्हणाला, "हे राहू दे, हे चांगलं हाय. यावर जाळीची टोपी बसवून देऊ का? धूळ नाई, माशी नाई. फडकं बांधाचा तरास संपन. पैसे नको."

मी लगेच म्हटलं, "बसव बाबा, आत्ता बसव." पुलावरचा ट्रक अजून माझ्या कानात होता.

मयुरीने खिशातून ते फडकं काढलं. तिने ते बाजारातल्या नळावर धुतलं होतं. "टोपी नको," ती म्हणाली. "आई बांधते फडकं."

"अवं पण..." मी बोलायला गेले.

"काकू, आवाज मी नेला त्यायचा. हे बी नेऊ का?"

मला गप्प करणारी माणसं या जगात थोडी आहेत.

घरी धुरपताचं काय झालं ते मला नंतर आमच्या यजमानांकडून, प्रभाकररावांकडून कळलं. ते दुकानात होते. सकाळी पियुष दुकानासमोर थांबून मोठ्याने सांगत होता की पिकअप पुलावर बंद पडली होती, कुण्या तरी ट्रकने कॅरेट उडवले असतील, रस्ताभर वांग्यांचा चेंदा, मयुरीवहिनी रडत बसल्या होत्या. धुरपता दारात येऊन ऐकत होती. पुढे दोघी गाडी घेऊन निघून गेल्या, हे त्याचं बोलणं तिच्या कानात शिरलंच नाही; तिने मान वळवून खिळ्याकडे पाहिलं. खिळा मोकळा होता. तिथेच खाली बसली ती.

प्रभाकरराव म्हणाले, फोन लाव वहिनी मयुरीला. तिने लावला नाही. नीरजच्या वेळी शेतावरून यायला उशीर झाला म्हणून फोन तिनेच लावला होता, आणि तो उचलला होता दुसऱ्याच माणसाने. मग यांनी मला लावला, तर माझा मोबाईल नेहमीप्रमाणे पिशवीच्या तळाशी, आणि वर वेल्डिंगचा आवाज. मी उचलला नाही, त्याने धुरपताची उरलीसुरली आशा गेली. जेवली नाही, पाणी प्यायली नाही. दुपारी गाडीची वेळ झाली तशी ती अंगण सोडून रस्त्यावर येऊन उभी राहिली, फाट्याकडे कान लावून. वेळ उलटून गेली. तो भडभडणारा आवाज काही आला नाही. प्रभाकरराव सांगत होते, बाई उभ्या उभ्या हात जोडत होती, आणि पोरगी, माही पोरगी, एवढंच म्हणत होती. सून हा शब्द तिच्या तोंडी नव्हता.

आम्ही आलो तेव्हा ती तशीच उभी होती. गाडी इतकी शांत आली की जवळ येईपर्यंत तिने आमच्याकडे पाहिलंच नाही. कुणाची तरी गाडी म्हणून बाजूला सरली. मयुरीने तिच्याशेजारी गाडी थांबवली आणि काच खाली केली.

धुरपताने आत पाहिलं.

मी मयुरीच्या शेजारी बसले होते, त्यामुळे मला नीट दिसलं. चेहरा पडला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा पडला नाही. तिने खिडकीतून दोन्ही हात आत घातले आणि मयुरीचं डोकं, गाल, खांदे चाचपले, जणू कुठे मोडलं तर नाही ना ते पाहत होती.

"फडकं राह्यलं व माय," ती म्हणाली. "रागात उठलीच नाई मी. माह्या हातानं..."

"काही नाई झालं, आई."

"आवाज काऊन नाई आला?"

"बदलवला." मयुरीने बोटाने मागे दाखवलं. "मागं हाय जुना. टाकला नाई मी."

धुरपता मागे गेली. रिकाम्या कॅरेटांमध्ये तो सायलेन्सर आडवा पडलेला होता, ठिगळांनी भरलेला. तिने त्यावर हात ठेवला. तो थंड होता. नीरज असताना गाडी आली की ती त्याला म्हणायची, हात नको लावजो, भाजन. आता त्यावर हात ठेवून ती उभी राहिली. रडली. मी उतरायला निघाले, तर मयुरीने माझा हात धरला आणि मानेने नको म्हटलं.

थोड्या वेळाने धुरपता पुढे आली. मयुरीने दार उघडलं होतं, एक पाय बाहेर काढला होता.

"थांब," धुरपता म्हणाली. "उतरू नको. भाकर आणू दे."

ती लगबगीने आत गेली. मयुरीने पाय परत आत घेतला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. आत डबा उघडल्याचा आवाज आला. भाकर सकाळची होती, कुणी खाल्ली नव्हती. धुरपता तुकडा घेऊन आली, मयुरीवरून सावकाश ओवाळला आणि रस्त्यापलीकडे टाकला. मग बोटं कानशिलावर नेऊन मोडली.

"आता उतर," ती म्हणाली.

मयुरी उतरली. तिने खिशातून ते धुतलेलं फडकं काढून सासूच्या हातात दिलं. "संध्याकाळी बांधजा," ती म्हणाली. धुरपताने ते हातात घेऊन नाकाकडे एकदा पाहिलं, आणि दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवलं.